पुरवठ्याची साखळी आणि सामाजिक जबाबदारी : कोल्हापुरी चपलेच्या निमित्ताने

लहान धंद्याला सामाजिक जबाबदारी असते काय, आणि असल्यास ती मोजायची कशी, ह्या प्रश्नाची आपल्या चळवळीत फारशी चर्चा झालेली नाही. आपण शिक्षणावर लिहिले, राखीव जागांवर लिहिले, साहित्यावर तर पुष्कळच लिहिले. परंतु माल कोठून घेतला जातो, कोणाकडून घेतला जातो, कोणत्या दराने घेतला जातो आणि त्या दराचा शेवटचा भार कोणाच्या पाठीवर पडतो, हा सारा व्यवहार आपण व्यापाऱ्यांचा म्हणून सोडून दिला. तो तसा सोडून देता येणार नाही असे माझे मत झाले आहे. त्याला निमित्त झाले ते एका छापील प्रश्नपत्रकाचे.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा कोल्हापुरात चपलांचे लहानसे दुकान चालवतो. आमच्या घरात तीन पिढ्या आरी आणि रापी चालली. मी शिक्षक झालो, त्याने दुकान टाकले. वस्तीतील दहाबारा घरांकडून तो जोड करून घेतो. मोठ्या शहरातील एका खरेदीदाराने त्याच्याकडून माल घेण्याचे ठरवले आणि त्याआधी भरून पाठवण्यासाठी हे पत्रक दिले. ते घेऊन तो माझ्याकडे आला. म्हणाला, "मामा, एवढं भरून द्या की. तुम्ही मास्तर माणूस, तुम्हाला जमंल."

पत्रकात पाच गोष्टी विचारल्या होत्या. एका जोडाची किंमत किती? ठरल्या तारखेला किती टक्के माल पोहोचतो? शंभरातले किती जोड नापसंत होतात? कच्चा माल किती टक्के स्थानिक आहे? आणि बालमजूर नाहीत, वेठबिगार नाही, कायद्याप्रमाणे वेतन दिले जाते, असे लिहून देता काय? शेवटच्या प्रश्नापुढे 'होय' आणि 'नाही' अशा दोन चौकटी होत्या. ह्या साऱ्यांना मिळून गुण मिळणार आणि गुणांवर खरेदी ठरणार. पहिल्या चार प्रश्नांना आकडे हवे होते. माणसांविषयीच्या पाचव्याला मात्र एक खूण पुरेशी होती.

हे पत्रक वाईट हेतूने केलेले होते असे मी म्हणणार नाही. व्यवसायशास्त्राच्या पुस्तकांत पुरवठादाराचे मूल्यमापन असेच शिकवतात. पण मोजमाप ही तटस्थ गोष्ट नसते. मोजणारा जेथे उभा असतो तेथून जे दिसते तेच तो मोजतो. म्हणून हे निकष साखळीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून तपासले पाहिजेत.

त्यासाठी आधी ही साखळी काय आहे ते पाहू. जनावर मरते किंवा कापले जाते. त्याचे कातडे सोलले जाते. ते चुन्यात टाकून केस काढतात आणि बाभळीची साल व हिरडा ह्यांच्या पाण्यात मुरवून कमावतात. कमावलेल्या कातड्याचे तळ, पट्टे, कान, अंगठे कापले जातात. मग वेणी घालणे, शिवणे, ठोकणे, तेल देणे. त्यानंतर व्यापारी, दुकान आणि गिऱ्हाईक. आता ह्याच साखळीवर जातीची नावे लिहून पाहा. मेलेले जनावर ओढणे हे गावकीचे काम म्हणून महारांच्या गळ्यात होते. कातडे कमावणे ढोरांकडे, चप्पल करणे चांभारांकडे. वेणी आणि शिलाई घरातल्या बायकांकडे, आणि तिचा दाम बहुधा घरधन्याच्या हिशेबात. भांडवल जसजसे वाढते तसतसा माणूस कातड्यापासून दूर जातो आणि पैशाच्या जवळ येतो. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. पुरवठ्याची साखळी म्हणतात तिला आपल्याकडे ही विभागणी आयतीच मिळालेली आहे.

म्हणून 'कमीत कमी किंमत' हा पहिला निकष आपल्या समाजात निव्वळ आर्थिक राहत नाही. ज्याला दुसरे काम मिळत नाही, त्याच्या श्रमाची किंमत सर्वांत सहज पाडता येते. दुकानदाराला खरेदीदाराने दहा रुपये कमी दिले तर तो तेलाचे, खिळ्यांचे किंवा वाहतुकीचे दहा रुपये वाचवू शकत नाही, कारण त्या वस्तू बाजारभावाने मिळतात. त्याच्या हातात उरते ती मजुरी. खरेदीदाराने वर केलेली काटकसर खाली वेणीच्या दरात येऊन थांबते.

'वेळेवर पुरवठा' हा दुसरा निकष घ्या. झाडपाल्याच्या अर्काने कातडे कमवायला कित्येक आठवडे लागतात. क्रोम वापरून तेच काम फार थोड्या दिवसांत होते. पावसाळ्यात कातडे वाळत नाही, आणि कोल्हापुरी पावसात कोणी घालत नाही म्हणून विक्रीही मंदावते. ह्या चार महिन्यांत कारागिराच्या घरी चूल पेटते ती उचलीवर. उचल देणारा दिवाळीच्या हंगामात आपल्या दराने माल घेतो. म्हणजे ज्या महिन्यांत मालाला भाव असतो, त्या महिन्यांत कारागिराचे हात आधीच बांधलेले असतात. तारखेचा नियम पाळला गेला की नाही हे पत्रकाला कळते, पण तो पाळण्यासाठी कोण रात्रभर जागले आणि कोणाच्या उचलीपोटी जागले, ते कळत नाही.

'नापसंतीचे प्रमाण' हा तिसरा निकष. हाताने केलेल्या दोन जोडांत फरक राहतो. कातडे एकाच जनावराचे असले तरी पाठीचे आणि पोटाचे सारखे नसते. खरेदीदाराला ज्यात दोष दिसतो तो जोड परत येतो. तो परत आला की त्याची मजुरी कापली जाते, आणि कातड्याची किंमतही कापली जाते. पण दोष कातड्यात होता की हातात होता, हे ठरवताना हात असलेला माणूस तेथे नसतो.

चौथा निकष 'स्थानिक खरेदी'. भाच्याच्या हिशेबात हा आकडा शंभर टक्के होता, कारण त्याने कातडे गावातल्याच व्यापाऱ्याकडून घेतले होते. त्या व्यापाऱ्याचा माल मात्र तमिळनाडूतून आलेला होता. आपल्या भागातले कातडे कमावणारे उद्योग कमी का झाले, ह्याला अनेक कारणे आहेत. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन गाईबरोबर बैल व वळू ह्यांच्या कत्तलीवरही बंदी आली. मेलेल्या जनावराचे कातडे काढायला कायद्याने बंदी नाही. पण ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमध्ये उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना मारहाण झाली, तेव्हा कायदा काय सांगतो आणि रस्त्यावर काय घडते ह्यांतले अंतर सर्वांना दिसले. कातडे गाडीत घालून नेणे हेच धोक्याचे झाले तर गावातला ढोर कारागीर किती दिवस टिकेल? 'स्थानिक शंभर टक्के' ह्या आकड्यामागे तो नाहीसा होतो आणि कोणाला खबरही लागत नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. आपले कार्यकर्ते विचारतील, हा धंदा टिकवायचाच कशासाठी? १९२७ साली महाडच्या परिषदेत मृत जनावरे ओढण्याचे काम सोडण्याचा उपदेश झाला. जातीने लादलेले काम सोडणे हा मुक्तीचा मार्ग होता आणि आहे. माझे त्याच्याशी भांडण नाही. पण सोडणे आणि सुटणे ह्यांत फरक आहे. शिकलेला मुलगा धंदा सोडतो तेव्हा तो मुक्त होतो. वेणी घालणारी बाई दर परवडत नाही म्हणून धंदा सोडते, तेव्हा ती दुसऱ्याच्या घरी भांडी घासायला जाते. ज्यांनी काम सोडले त्यांच्या स्वातंत्र्याचा जयजयकार करावा. जे अजून त्याच कामात आहेत त्यांना बाजारात एकटे टाकू नये. शिवाय ज्या दिवशी ह्या वस्तूला मोल आले, त्याच दिवशी तिच्यावरचा आपला हक्क सांगायला आपण तेथे नसू, तर ते कोणाच्या पथ्यावर पडेल?

मोल आले आहे हे उघडच आहे. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर ह्या जिल्ह्यांना ते लागू आहे. जून २०२५ मध्ये प्राडा ह्या इटालियन कंपनीने मिलानमध्ये तशाच घाटाच्या चपला दाखवल्या आणि त्यांचा उगम सांगितला नाही, म्हणून गदारोळ झाला. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच कंपनीने महाराष्ट्र व कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. त्या वादात कोल्हापूरच्या अभिमानाबद्दल, महाराष्ट्राच्या संस्कृतीबद्दल पुष्कळ बोलले गेले. चांभार आणि ढोर हे शब्द मात्र फार थोड्यांच्या तोंडी आले. मानांकन वस्तूचे गाव आणि तिची रीत सांभाळते. कारागिराला कोणता दर मिळावा ह्याबद्दल ते काही बोलत नाही. आणि मानांकनाचा लाभ घ्यायचा तर कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करावी लागते, हे वस्तीत किती जणांना ठाऊक आहे?

आता कायद्याकडे वळू. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे भाग पाडले. ही जबाबदारी नफा झाल्यानंतरची आहे. नफा कसा झाला, माल कोणत्या दराने घेतला, हे ती विचारत नाही. आणि लहान दुकानदार तिच्या कक्षेतच येत नाही. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. लहान उत्पादकांकडून किती टक्के माल घेतला, हे त्यात सांगावे लागते. वंचित घटकांकडून प्राधान्याने खरेदी करण्याचे धोरण आहे काय, असाही एक प्रश्न त्यात आहे. पण तो ऐच्छिक भागात आहे. ज्या प्रश्नात जातीचा विषय येऊ शकतो तो प्रश्न ऐच्छिक असावा, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावी.

सरकारी खरेदीत मात्र जातीचा उल्लेख स्पष्ट आहे. २०१२ च्या धोरणानुसार केंद्रीय खाती व सार्वजनिक उपक्रम ह्यांनी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावयाच्या मालाचा किमान वाटा ठरवला गेला. २०१८ साली तो २५ टक्के झाला. त्यात ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून करावयाची आहे. प्रत्यक्षातील खरेदी ह्या ४ टक्क्यांच्या पुष्कळ खाली राहत आली आहे. राखीव जागांचा अनुशेष आपण मोजतो; खरेदीचा अनुशेष मोजायला आपण शिकलो नाही.

आणखी एक कायदा आपल्या कामाचा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. न दिल्यास बँकदराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढीने. पण ह्यात एक मेख आहे. कातडे स्वतःचे घालून जोड विकणारा कारागीर हा विक्रेता आहे. त्याने नोंदणी केली तर हा कायदा त्याचा. ज्याला दुकानदार कातडे देतो आणि जोडामागे पैसे देतो, तो विक्रेता नाही, तो मजूर आहे. त्याला लागू पडतो तो किमान वेतनाचा नियम, जो पूर्वी १९४८ च्या कायद्यात होता आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतनसंहितेत आहे. नगावर काम करणाऱ्यालाही किमान वेतन आहे. दुकानदार सोयीप्रमाणे त्याच माणसाला कधी विक्रेता म्हणतो, कधी मजूर म्हणतो. आणि दोन्ही कायद्यांच्या मधल्या फटीत तो माणूस पडतो.

हे सारे भाच्याला समजावून मी त्याला म्हटले, "कायद्याप्रमाणे वेतन देतोस काय, ह्या चौकटीत खूण करण्याआधी आपण मोजून पाहू." आम्ही वस्तीत गेलो. वेणी घालणाऱ्या एका वृद्ध बाईला त्याने विचारले, "काकी, एका जोडाला किती वेळ लागतो?" ती हसली. म्हणाली, "वेळ कोण मोजतंय बाबा? चुलीकडं उठायचं, पोरगं रडलं की उठायचं. तुझा माणूस आला की जोड मोजून द्यायचं."

वेळ मोजला जात नाही, ह्यातच सारे आले. हिशेब कसा करायचा ते दाखवण्यासाठी समजण्यापुरते आकडे घेतो. समजा जोडामागे ३० रुपये मिळतात आणि आठ तासांत सहा जोड होतात. म्हणजे १८० रुपये. दोरा, सुई, मेण तिचे स्वतःचे; त्याचे १२ रुपये वजा केले की १६८. वीस जोडांत एक नापसंत होऊन त्याचे पैसे कापले जातात असे धरले तर सहा जोडांमागे ९ रुपये जातात; राहिले १५९. आठ तासांनी भागले तर तासाला वीस रुपयेही पडत नाहीत. हा आकडा सरकारने जाहीर केलेल्या किमान दराशेजारी ठेवायचा. एवढेच गणित आहे. सातवीतल्या मुलाला येईल. पण ते कोणत्याही पत्रकात नसते.

भाच्याने आपले खरे आकडे घालून हे गणित केले आणि बराच वेळ गप्प राहिला. त्याहून अवघड गोष्ट पुढे आली. वस्तीतल्या उचलीची वही पाहताना त्या काकीच्या नावापुढची उचल त्याच्याच दुकानाची निघाली. आपण अडल्यानडल्याला मदत करतो अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. मी त्याला दोष देत नाही. माझ्या आजोबांच्या काळापासून हेच चालत आले आणि आम्ही त्याला माणुसकी म्हणत आलो. पण आपल्या जातीचा दुकानदार आहे म्हणून शोषण कमी होते, हा भ्रम आपण सोडला पाहिजे. साखळीतली कडी आपली असली तरी ती साखळीचेच काम करते.

तो म्हणाला, "मामा, खरं लिहिलं तर ऑर्डर जाईल. आणि ऑर्डर गेली तर काकीचं कामबी जाईल." हा प्रश्न खोटा नाही. लहान धंदेवाल्याच्या जबाबदारीचे खरे स्वरूप ह्यातच आहे. त्याच्या हातात किंमत ठरवण्याची सत्ता थोडी आहे. पण थोडी म्हणजे शून्य नव्हे. आम्ही चौकट मोकळी ठेवली आणि सोबत पत्र जोडले : आमचा नगाचा दर हा आहे, तासाला तो इतका पडतो, किमान दराला पोचण्यासाठी जोडामागे इतके रुपये वाढवून हवेत. खरेदीदाराने मागितले तेवढे दिले नाही. निम्म्याच्या आसपास दिले, आणि पुढच्या वर्षी बोलू असे कळवले. उरलेल्यातला काही भाग भाच्याने आपल्या नफ्यातून घातला. दर अजून जेथे हवा तेथे पोचलेला नाही.

पण दुकानात एक वही सुरू झाली. तिच्यात काय असावे ते येथे नोंदवतो, कारण हे इतरांनाही करता येईल. पहिले, गिऱ्हाइकाने दिलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले किती रुपये कमावणाऱ्याला, किती कापणाऱ्याला, किती वेणी घालणाऱ्या बाईला पोचले. दुसरे, नगाचा दर तासाला किती पडतो. तिसरे, माल घेतल्यापासून पैसे किती दिवसांनी दिले. चौथे, परत आलेल्या जोडाचे नुकसान कोणी सोसले. पाचवे, कोणाच्या अंगावर किती उचल आहे, आणि उचल असलेल्याला दर इतरांइतकाच मिळतो काय. सहावे, बाईच्या कामाचे पैसे बाईच्या हातात पडले काय. सातवे, कातडे शेवटच्या व्यापाऱ्याच्या मागे कोठून आले. 'होय' किंवा 'नाही' असे एकही उत्तर ह्यात नाही. सगळे आकडे आणि नावे आहेत. आणि ही वही ज्यांच्याविषयी आहे त्यांना वाचून दाखवायची, हा नियम आहे. दर तीन महिन्यांनी दुकानाच्या ओट्यावर ती वाचली जाते. पहिल्या वाचनाला काकीने दोन आकडे चुकीचे असल्याचे सांगितले. चूक तिची नव्हती.

विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी हे काम आपल्या गावात हाती घ्यावे अशी माझी विनंती आहे. सिन्नरची विडी असो, इचलकरंजीचे कापड असो, मुंबईतल्या घराघरांतले शिवणकाम असो, कागद तोच आणि गणित तेच. घरी बसून काम करणाऱ्यांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा करार १९९६ सालचा आहे; भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. ती मिळेपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या महाविद्यालयाचे गणवेश, आपल्या संस्थेच्या पिशव्या, आपल्या परिषदांतले बिल्ले आणि झेंडे कोण शिवते आणि त्याला तासाला किती मिळतात, एवढे जरी आपण यंदा मोजले, तरी दुसऱ्याला जाब विचारण्याचा अधिकार आपल्याला येईल. जयंतीचा निळा झेंडा ज्या हातांनी शिवला, त्या हातांना काय मिळाले हे आपल्यालाच ठाऊक नसेल, तर सामाजिक जबाबदारीची भाषा आपण इतरांशी कोणत्या तोंडाने बोलणार?